गाव तशी चाल

पुणे-सोलापूर रस्त्यावर चौफुल्याला चहा प्यायला थांबलो. समोरच कला केंद्राची कमान, तिच्यावर संगीत पार्ट्यांच्या नावांचे फलक. गाडी चालवणाऱ्या भाच्यानं ते वाचले आणि विचारलं, "मामा, इथे तमाशा असतो का?" मी तोंड उघडायच्या आत ताईनं त्याची शिकवणी घेतली. तमाशाचा फड तंबू-कनात ट्रकांत भरून जत्रांच्या मागं हिंडतो. संगीत बारीचं उलटं. थिएटर एका जागी, पार्ट्या हिंडत्या. काही दिवस या थिएटरला, मग दुसऱ्या गावच्या. नाचणाऱ्या-गाणाऱ्या बायका, पेटीमास्तर, ढोलकीवाला, स्वयंपाकाची भांडी आणि पोरंबाळं.

"म्हणजे ट्रान्स्फरची नोकरी," भाचा म्हणाला.

"हो. फक्त यांना टी.ए. मिळत नाही," ताई म्हणाली.

टी.ए. हा शब्द आम्ही भावंडं शाळेत जायच्या आधी शिकलो. आमचे वडील, अण्णा, पाटबंधारे खात्यात होते, नीरा डाव्या कालव्यावर कॅनॉल इन्स्पेक्टर. 1876-77 च्या मोठ्या दुष्काळानं हा मुलूख होरपळला, त्यानंतर इंग्रज सरकारनं भाटघरचं धरण आणि हा कालवा बांधला. 1885 पासून त्याचं पाणी बारामतीच्या, इंदापूरच्या माळाला मिळतंय. अण्णांच्या बदल्या बहुतेक पाण्याच्याच दिशेनं झाल्या. आधी बारामती, मग सणसर, लासुर्णे, निमगाव केतकी आणि शेवटी इंदापूर. आमचं सगळं बालपण उतारानं गेलं म्हणायला हरकत नाही. ताईच्या मनात आलं, एकदा त्याच क्रमानं जाऊन यावं. ती आता डोंबिवलीची, मी कोथरूडचा; दोघंही बदली न होणारी माणसं.

सुप्याच्या बाजूचा मुलूख जिरायत. माघ लागायला आला होता, शाळू हुरड्यात होता. रस्त्याच्या कडेला एका शेतात आगटी पेटलेली दिसली म्हणून भाच्यानं गाडी हळू केली, तर शेतातूनच हाक आली, "या की!" कोण, कुठले, हे विचारणं पहिली मूठ हातावर पडल्यानंतर. पुण्याजवळ आता माणशी दर लावून हुरडा पार्टी देतात. बैलगाडीची चक्कर फुकट आणि घसा बसलेला निवेदक. इथे गोवरीच्या राखेतून काढलेलं कणीस तळहातावर चोळायचं, फुंकर मारून तूस उडवायचं आणि जवसाच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचं. तिथल्या आजींनी ताईला विचारलं, "कुठल्या तुम्ही?" ताई अडखळली. हा प्रश्न आम्हाला लहानपणापासून अडवतो. शेवटी ती म्हणाली, "आम्ही पाटाच्या." आजींनी मान हलवली. त्यांना पुरेसं होतं.

बारामती जवळ आली की हिरवा रंग एकदम अंगावर येतो. आमच्या वेळची बारामती म्हणजे गुळाच्या ढेपा, बैलगाड्यांची रांग आणि दौंडहून धापा टाकत येणारी छोट्या रुळांची गाडी. आता ब्रॉडगेज आहे, एमआयडीसी आहे, रुंद रस्ते आहेत, बाहेरगावच्या विद्यार्थ्यांनी भरलेली वसतिगृहं आहेत. कऱ्हेचा काठ बांधून काढलाय. बाबूजी नाईकांचा वाडा मात्र गढीसारखा ठाण मांडून आहे. त्यांच्याच आश्रयाला मोरोपंत राहिले. पन्हाळ्याला 1729 साली जन्मलेला मुलगा घरच्यांबरोबर इथे आला आणि 1794 मध्ये जाईपर्यंत बारामतीकरच राहिला. एकशे आठ रामायणं लिहिली, आर्यांचा डोंगर रचला. शाळेत आम्हाला मोरोपंत म्हणजे पाठांतराची शिक्षा होती. अण्णा म्हणत, पंत वाचायचे नसतात, कीर्तनकाराच्या तोंडून ऐकायचे असतात. अण्णांचं वाङ्मयाविषयीचं एवढं एकच मत मी ऐकलंय आणि ते मला अजून पटतं. डोळ्यांना जड वाटणारी आर्या हरदासानं झांजेवर टाकली की पाण्यासारखी वाहते.

काशीविश्वेश्वराच्या देवळात ताई बराच वेळ बसली. श्रीधरस्वामींनी शिवलीलामृत बारामतीत पुरं केलं, शके 1640 मध्ये. आमची आई दर सोमवारी त्यातला अकरावा अध्याय म्हणायची. तिची ओवी म्हणण्याची एक ठरलेली लकब होती. तिसऱ्या चरणाला चढायचं आणि चौथ्याला धपकन खाली बसायचं. घर बदललं, गाव बदललं, चुलीची दिशा बदलली, तरी सोमवारचा तो उतार-चढाव तसाच. नव्या खोल्यांत पहिल्या रात्री मला झोप येत नसे. पहिल्या सोमवारनंतर यायची.

दुपारी जेवायला बसलो तेव्हा मी हुलग्याचं माडगं मागितलं. वाढपी पोरगा ओशाळून हसला आणि पनीर हंडी आहे म्हणाला. गल्ल्यावरच्या गृहस्थांनी ते ऐकलं. थोड्या वेळानं आतून, म्हणजे त्यांच्या घरून, पितळेच्या वाटीत माडगं आलं आणि बिलात मात्र आलं नाही.

बारामतीहून इंदापूरकडे जाणारा रस्ता हाच तुकोबांच्या पालखीचा. आषाढ जवळ आला की अण्णांच्या अर्जित रजेचा हिशेब सुरू व्हायचा. काटेवाडीला परीट समाज पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या घालतो आणि धनगर आपली मेंढरं पालखीभोवती पळवतात. ते मेंढ्यांचं रिंगण मी अण्णांच्या खांद्यावरून पाहिलंय. धुळीत नुसती लोकरीची एक लाट फिरत राहते आणि घंटा, टाळ, बेंबाटणं यांतलं काय कुठलं ते कळेनासं होतं. आत्ता काटेवाडी निवांत होती. या दिवसांत मेंढपाळांचे वाडे इथे नसतातच. दसऱ्यानंतर ते घाट उतरून कोकणात जातात, पाऊस तोंडावर आला की परततात. घोड्यावर बिऱ्हाड, त्या बिऱ्हाडावर बांधलेली कोंबडी आणि तान्हं पोर. ग्युंटर सोन्थायमर नावाचा जर्मन अभ्यासक या लोकांबरोबर हिंडला, बिरोबा-म्हसकोबा-खंडोबांवर 1976 साली त्याचं पुस्तक निघालं. धनगरी ओव्यांतून त्यानं या मुलखाचा नकाशाच वाचला. रात्री वाड्यावर सुंबरान मांडलं की देव कुठून निघाला, कुठे टेकला, कुठलं पाणी प्याला, सगळं गाण्यात येतं. वाट विसरू नये म्हणून गायचं, ही गोष्ट मला कुठल्याही संगीतशास्त्राच्या पुस्तकात भेटली नाही.

सणसरला पाटबंधाऱ्याची जुनी चाळ आम्हाला सापडली नाही. कडुनिंब सापडले, ओळीनं लावलेले. इंग्रजी खात्याची शिस्त झाडांत उरलीय. भाचा कालव्याच्या भरावावर चढून पाणी बघत उभा राहिला आणि मी त्याला सांगायला लागलो, आम्ही इथे कसे आलो ते.

बदलीचा हुकूम आला की बैलगाडी सांगायची. भांडी पोत्यात, अंथरुणं सतरंजीत, पाटा-वरवंटा गाडीच्या पुढच्या अंगाला. अण्णांचा पखवाज मात्र सामानात नाही. तो गोधडीत गुंडाळून आईच्या मांडीवर, आणि धाकट्यानं, म्हणजे मी, चालायचं. नव्या गावात इन्स्पेक्टर आला की लोक जरा लांबूनच बघत. पाणी देणारा आणि पाणी तोडणारा एकच माणूस, त्याच्याशी जपून वागलेलं बरं. सात नंबरचा मागणी अर्ज, पाळी, चारीवरची भांडणं, रात्री दारं उघडणारे पाटकरी; अण्णांचा दिवस त्यात जाई. पण पहिल्याच आठवड्यात कधीतरी संध्याकाळी ते देवळात जात आणि भजन चाललं असेल तिथे मागं टेकून बसत. दोन-तीन अभंग झाले की कुणीतरी विचारी, "साहेब, वाजवता का काही?" मग माझी पळत घरी रवानगी, पखवाज आणायला.

पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लागते. गव्हाचीच. आमच्या घरात भाकरी बाजरीची नाहीतर ज्वारीची, गहू सणावाराला. त्यामुळे पहिल्या दिवशी कणीक गावातून यायची. देवळाशेजारच्या घरातली बाई पितळीत मूठभर पीठ आणि तांब्यात पाणी पाठवायची. अण्णा मांडी घालून कणीक मळत. घट्ट नको, सैल नको. अंगठ्यानं मध्ये थापत, कडा पातळ करत न्यायची. मग बोटांनी एक थाप. आवाज चपटा आला तर आणखी चिमूटभर. जास्तच घुमला तर नखानं थोडी खरवडून काढायची. उजवी पुडी वीणेच्या सुराशी जमेपर्यंत हातोडीनं गठ्ठ्यांवर ठोके. हे सगळं होईपर्यंत देऊळभर कुणी बोलत नसे. आणि एकदा तो धुमारा बरोबर लागला की साहेब हा शब्द संपला. दुसऱ्या दिवसापासून "आण्णा". भजनानंतर वाळलेली कणीक सोलून काढायची आणि गाईपुढे टाकायची, हे काम माझं.

पुण्यात मी सवाई गंधर्व महोत्सवाला जातो. 1953 पासून चालत आलेला तो सोहळा मला प्रिय आहे. थंडी, शाल, चांगल्या जागेला दाद देणारी हजारो माणसं. पण तिथे मी श्रोता असतो. या गावांतल्या भजनात श्रोता नावाची जातच नव्हती. आलात ना, मग हा घ्या टाळ. सूर नाही? टाळाला सूर आहे, तुमचा नसला तरी चालेल. बेसूर माणसाला इतकं मानानं वागवणारी दुसरी संगीतसभा मला माहीत नाही.

साखर कारखान्याच्या अलीकडे ऊसतोड मजुरांच्या कोप्या लागल्या. ही माणसं बहुतेक बीड आणि नगरकडची; मुकादमाकडून उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास यायचं, पट्टा पडला की परत. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक दहा-अकरा वर्षांची मुलगी कोपीपुढे भावाला सांभाळत बसली होती आणि मोबाइलवर लागलेल्या गाण्याबरोबर पातेल्याच्या बुडावर बोटं वाजवत होती. ठेका पक्का. ताईनं विचारलं, "शाळा?" ती म्हणाली, "गावाकडं चौथी. हितं नाही." आम्हाला दर बदलीला दाखला मिळायचा, नव्या शाळेत नाव पटावर चढायचं, फार तर बाकावरची जागा बदलायची. हिंडतं बालपण म्हणून आम्ही दोघं ज्याचं कौतुक करत निघालो होतो त्याच्या पाठीशी सरकारी पगार होता. त्या कोपीपुढे आमच्या आठवणी फारच चैनीच्या वाटल्या. ताईनं पर्समधली बिस्किटं दिली. मुलीनं पुडा फोडला आणि पहिलं बिस्किट ताईलाच पुढे केलं.

बेलवाडीचं रिंगणाचं मैदान मागं टाकून लासुर्ण्याला पोचलो तेव्हा आमचं भांडण रंगात आलं होतं. विषय, हरिपाठानंतर म्हटला जाणारा एक अभंग. ताईच्या मते तिला येते ती चाल लासुर्ण्याची. माझ्या मते निमगावची. आम्ही गावं चालींवरून ओळखायचो. सणसरचे लोक अभंग संथ घेत, शेवटी द्रुतात पळवत. इंदापूरची मंडळी ध्रुपद तीनदा घोळत. अभंग तोच, तुकोबा तेच, पण दर दोन-अडीच वर्षांनी आम्हाला तो नव्यानं शिकावा लागे. जुन्या गावची चाल चुकून तोंडातून निघाली की पोरं हसायची.

मारुतीच्या देवळात एक वृद्ध गृहस्थ भेटले, अंगात सदरा, गळ्यात तुळशीची माळ. ताईनं त्यांना चाल म्हणून दाखवली. त्यांनी डोळे मिटून दोन ओळी ऐकल्या.

"ही आमचीच. पण आमची नाही," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"माझ्या चुलत्यानं आणली. त्यांची सासुरवाड नीरेच्या पलीकडं, माळशिरस तालुक्यात. तिथल्या सप्त्यात ऐकली आणि इथं लावली. आधीची चाल वेगळी होती. ती आता कोणाला येत नाही."

म्हणजे चालीही बदलून आलेल्याच. कुणाच्या सासरवाडीहून, कुणा बुवांच्या मागून, कधी सिनेमातूनसुद्धा. आम्ही ज्याला गावचा पक्का खुंटा समजत होतो तोच हिंडत होता. ताईला हे फार आवडलं. मला थोडं लागलं.

जंक्शन नावाच्या फाट्यावरून वालचंदनगर उजवीकडे राहिलं. शेठ वालचंद हिराचंदांनी माळावर उभं केलेलं हे कारखान्याचं गाव. तिथे साखरेपासून इस्रोच्या अग्निबाणांच्या सुट्या भागांपर्यंत काय काय बनलं. आम्ही वळलो नाही. अण्णांची तिथे बदली झाली नव्हती, एवढंच कारण.

निमगाव केतकीला पानमळे होते, आता डाळिंबाच्या बागा जास्त. इथे आमच्या शेजारणीकडे जातं होतं. गिरण आली होती, तरी सणाचं आणि लग्नाच्या हळदीचं जात्यावर. पहाटे तिथून ओव्या यायच्या आणि आई अंथरुणातूनच हलकेच पुढची ओळ धरायची. गी पॉइत्व्हँ आणि हेमा राईरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर पुणे जिल्ह्यात आणि बाहेर गावोगाव हिंडून अशा ओव्या जमवल्या. तो साठा लाखाच्या वर गेला. त्यांतल्या कितीतरी माहेरच्या वाटेवरच्या. त्या वाचताना माझ्या ध्यानात आलं की बदल्या एकट्या अण्णांच्या होत नव्हत्या. गावातली प्रत्येक सून बदलून आलेली होती, आणि तिच्या बदलीचा हुकूम कधी फिरत नसे. तिला ना दिंडी, ना देवळातला टाळ. तिच्या वाटेचं गाणं जात्यापाशी.

ताई यावर काही बोलली नाही. मग इंदापूरच्या वाटेवर, निमगाव सोडल्यावरचं वळण गेलं तेव्हा म्हणाली, "मला बाराव्या वर्षी उठवलं देवळातून. आठवतंय का तुला?" आठवत होतं. ती गळ्यानं माझ्यापेक्षा कितीतरी तयार. एका एकादशीला कुणीतरी अण्णांना म्हणालं, पोरगी मोठी झाली आता. अण्णांनी पखवाजावरून मान वर न करता तिला घरी जायची खूण केली. गावाशी नातं जोडणारं तेच भजन, आणि ती त्याच्या उंबऱ्याबाहेर. अण्णांच्या थोरवीच्या गोष्टी मी सांगतो तेव्हा ती गप्प का असते, हे मला त्या वळणावर नीट कळलं.

इंदापूर म्हणजे कालव्याचं शेपूट. वरच्यांनी उपसून उरलं तर टेलला पाणी. त्यामुळे इथल्या बोलण्यात एक कोरडा विनोद आहे. कॅनॉलचं पाणी आणि जावई यांची वाट बघू नये, असं आम्हाला एका दुकानदारानं सांगितलं. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे इथल्याच लढाईत पडले. त्यांची गढी गावात आहे. अण्णांच्या हाताखालच्या एका पाटकऱ्याचं घर भाच्यानं विचारत विचारत शोधलं. पाटकरी नाहीत, सून होती. तिनं आम्हाला कधी पाहिलेलं नव्हतं. अण्णांचं नाव सांगताच तिनं आतल्या खोलीत जाऊन सासूला जोरात सांगितलं, "पखवाजवालं सायब हाईत ना, त्यांची पोरं आल्यात!" म्हातारीला आता दिसत नाही. तिनं ताईच्या तोंडावरून हात फिरवला, मग माझ्या, आणि शेंगदाण्याची आमटी टाकायला सांगितली. उद्या एकादशी, आजच जेवा, हा तिचा मुद्दा बिनतोड होता.

दुसऱ्या दिवशी सोलापूर रस्त्यानं परत फिरलो. उजवीकडे उजनीचं पसरट पाणी. 1980 साली धरण पुरं झालं. 117 टीएमसीचा साठा, त्याखाली भीमाकाठची गावंच्या गावं गेली. पळसदेवचं जुनं देऊळ पाणी ओसरलं की उघडं पडतं, लोक होडीनं बघायला जातात. आम्ही गेलो तेव्हा पाणी बक्कळ होतं. आमचं घर बदलायचं, गाव जागेवर असायचं. इथे गावानंच बिऱ्हाड हलवलं. भिगवणला भाच्यानं चिलापी फ्राय आणि मरळीचा रस्सा चापला, ताईनं साबुदाणा, मी दोन्हींच्या मध्ये बसून दही-केळं. कुंभारगावच्या बाजूला रोहित पक्ष्यांची रांग चिखलात चोची घालून चालली होती. हेही हिवाळ्यापुरते आलेले.

संध्याकाळी काठावरच्या एका पुनर्वसित गावात भजन चाललं होतं. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथला वाद अजून मिटलेला नाही. गाव वर आलं तेव्हा प्लॉट दोन तुकड्यांत पडले, मध्ये रस्ता. दोन्हीकडे एकेक देऊळ झालं, एकेक भजनी मंडळ झालं, आणि बुडालेल्या गावची अस्सल चाल आमच्याकडेच आहे असं दोघं म्हणतात. एकादशीला मात्र दोघांना एकत्र बसावं लागतं, कारण पखवाज वाजवणारा सगळ्या गावात एकच. पोरगा पंचविशीतला, दिवसा डाळिंबाचा व्यापार करतो. पुढच्या ओळीत महिला मंडळ, हातांत टाळ. आम्ही मागं टेकलो. तिसऱ्या अभंगानंतर एका बाईनं वळून ताईकडे पाहिलं आणि टाळ सरकवला.

ताईनं टाळ घेतला, कडेला ठेवला आणि सरळ अभंगच धरला. लासुर्ण्याची चाल, किंवा नीरेपलीकडची. वय झालंय, वरचा सूर थोडा हलला. पखवाजवाल्यानं एक आवर्तन वाट पाहिली आणि मग डाव्या हाताची अशी थाप दिली की भाच्यानं फोन खिशात ठेवला. बाया दुसऱ्या ध्रुपदापासून उचलायला लागल्या.

अभंग संपताच डाव्या बाजूचे विणेकरी म्हणाले, "ही तर आमची जुनी चाल! बघा, यांच्या घरी टिकली."

"तुमची?" रस्त्यापलीकडचे एक बुवा ताडकन बोलले. "माझ्या थोरल्या काकांची आहे ही. पाण्यात गेलेल्या देवळात तेच म्हणायचे."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिनं चिमटा काढला आणि त्या दोघांना म्हणाली, "आता दुसरा अभंग घेऊ का? तो कुणाच्या चालीत घ्यायचा ते आधी ठरवा."